लाखोरीचा प्रश्न

ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, आणि कापणीच्या थोडं आधी, धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकायची. तिला वेगळी नांगरणी लागत नाही, पाणी लागत नाही. मातीत उरलेल्या ओलीवर ती येते. पुस्तकातली मराठी तिला लाखोळी म्हणते. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकीचं सगळं वाळून जातं, लाखोरी तेवढी तग धरते. ही गोष्ट या डाळीची आहे आणि तिचा माग काढत ग्रंथालयात पोचलेल्या एका मुलीची.

मुलगी याच भागातल्या एका गावची. एमबीबीएस झाली, सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं, आणि पुढे नागपूरला जनऔषधवैद्यकशास्त्रात एमडी करायला लागली. पदव्युत्तर शिक्षणात पहिल्याच वर्षी प्रबंधाचा विषय ठरवावा लागतो. आराखडा लिहायचा, संस्थेच्या नैतिकता समितीपुढे मांडायचा, मग तो नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जातो. ड्यूट्या, सेमिनार आणि अपुरी झोप यांच्या मधोमध हे उरकायचं असतं, म्हणून बरेच जण आदल्या वर्षीच्या कुणाचा तरी विषय घेतात, गाव आणि साल बदलतात आणि मोकळे होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ओझंच तसं आहे. हिच्याजवळ मात्र घरून आणलेला एक प्रश्न होता.

तिचे आबाजी, म्हणजे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे. हात अजून असे की चऱ्हाट वळावं तर त्यांनीच, स्मरणशक्ती अशी की कोणत्या साली कोणाच्या बांधीत किती खंडी धान झालं ते तोंडपाठ. पण पाय ताठ. चवड्यांवर चालतात, गुडघे एकमेकांना घासतात, हातात कायम काठी. जवानीत एकदा असं झालं आणि तेव्हापासून ना वाढलं ना कमी झालं. गाव म्हणायचं, वारं गेलं. कोणी म्हणायचं, करणी केली. लहानपणी तिनंही तसंच मानलं होतं. पुढे मेंदूविकाराच्या वॉर्डात पाय ताठ झालेले रुग्ण पाहताना तिला आबाजींची चाल आठवली, आणि पाठ्यपुस्तकाच्या एका कोपऱ्यात लॅथिरिझमवरचा छोटासा परिच्छेद सापडला : लाखोळीची डाळ महिनोन्महिने जेवणाचा मोठा भाग झाली तर दोन्ही पाय कायमचे ताठरतात, संवेदना शाबूत राहते, बुद्धी शाबूत राहते, तरुण पुरुषांना जास्त होतं, उपाय नाही. तो परिच्छेद तिनं किती वेळा वाचला असेल, ते तिलाच ठाऊक.

त्याच रात्री हॉस्टेलच्या खोलीत तिनं मोबाइलवर पबमेड ही वैद्यकीय निबंधांची सूची उघडली आणि ‘लॅथिरिझम, चंद्रपूर’ असं घालून पाहिलं. कामाचं काही आलं नाही. ‘लॅथिरिझम, ब्रह्मपुरी’ घातलं, तर शून्य. तिला आनंद झाला. जागा रिकामी आहे, आपणच पहिल्या! आराखड्याच्या मसुद्यात तिनं लिहून टाकलं : ‘या भागात असा अभ्यास यापूर्वी झालेला नाही.’

आराखडा ग्रंथालयात साहित्यचोरीच्या तपासणीला द्यायचा होता, म्हणून ती तिथे गेली. एरवी तिच्यासाठी, आणि तिच्या सोबत्यांसाठीही, ग्रंथालय म्हणजे परीक्षेच्या आधी जागा धरून बसायची शांत खोली. काउंटरच्या मागे बसणाऱ्या माणसाला काही विचारता येतं, त्याचं ज्ञान आपल्या कामाचं असतं, हे आपल्याकडे विद्यार्थ्यांना कोणी सांगतच नाही. डॉक्टर घडवण्यावर एवढा पैसा आणि एवढी वर्षं खर्च करताना ही ओळख राहून जावी, याचं मला फार वाईट वाटतं.

ग्रंथपाल मॅडमनी मसुदा सॉफ्टवेअरमध्ये टाकला. टक्केवारी ठीक आली. पण त्यांनी तो वाचलाही. त्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “डॉक्टर, हे कशावरून?”

“पाहिलं ना मॅडम. शून्य आलं.”

“तुम्हाला सापडलं नाही, एवढंच त्यातून कळतं. झालं नाही, हे त्यातून कळत नाही.”

मुलीचा चेहरा पडला. मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली आणि तिला बसायला लावलं. “असं वाक्य लिहायचा हक्क मिळवावा लागतो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात तो मिळवणारी माणसं आहेत.”

आणि त्यांनी डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्याबद्दल सांगितलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून दोघं परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची सुरुवात केली. खेड्यातल्या बायकांच्या आजारांवर आजवर काय लिहिलं गेलं आहे, हे त्यांनी आधी धुंडाळलं होतं. दवाखान्यापर्यंत पोचलेल्या बायकांबद्दल पुष्कळ होतं. दुखणं घेऊन घरीच राहिलेल्या बायकांबद्दल नव्हतं. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. आणि आयुष्यात कधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध आला, आणि बाळंतपण व कुटुंबनियोजन यांच्या पलीकडे खेड्यातल्या बाईला शरीर असतं, हे जगभरच्या आरोग्य खात्यांना ऐकावं लागलं.

“त्यांचं कपाट खरोखर रिकामं होतं,” मॅडम म्हणाल्या, “आणि ते रिकामं आहे हे त्यांनी आधी नीट पाहून घेतलं होतं. तुमचं रिकामं आहे की नाही, ते आज बघू. सांगा, आबाजी जन्मले तेव्हा ब्रह्मपुरी कोणत्या जिल्ह्यात होती?”

“चंद्रपूर.”

“चांदा,” मॅडम म्हणाल्या. “चंद्रपूर हे नाव १९६४ चं. गडचिरोली तर १९८२ पर्यंत वेगळा जिल्हाच नव्हता. आणि राज्य? १९५६ पर्यंत तुम्ही मुंबईकडे नव्हता. त्याआधी मध्य प्रदेश, त्याच्याही आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड. ज्या काळात हा आजार जोरात होता, त्या काळच्या डॉक्टरांना ‘चंद्रपूर’ हा शब्द लिहिताच आला नसता. तुम्ही त्यांना आजच्या पत्त्यावर शोधताय.”

मग त्या शिकवायला बसल्या. आजाराची आणि डाळीची सगळी नावं एका ओळीत : लॅथिरिझम, न्यूरोलॅथिरिझम, लॅथायरस सटायव्हस, ग्रास पी, खेसारी, तिवडा. एवढ्यांतलं कोणतंही चालेल, म्हणून मध्ये ‘किंवा’. दुसऱ्या ओळीत जागेची सगळी नावं : चांदा, चंद्रपूर, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, विदर्भ. ब्रह्मपुरीचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा एक नाही. रेल्वेचं वेगळं, कागदपत्रांतलं वेगळं, म्हणून तीही सगळी. दोन ओळींच्या मध्ये ‘आणि’. विषयवार मथळ्यांची जी ठरीव यादी असते, मेश म्हणतात ती, तिच्यातला नेमका मथळा कोणता तेही दाखवलं. “पण मेशवर विसंबू नका. फार जुन्या लेखांना हे मथळे लागलेलेच नसतात. तिथे आपण स्वतः अंक उघडायचा, दुष्काळाची सालं धरून एकेक खंड चाळायचा.”

‘इंडियन मेडिकल गॅझेट’ हे कलकत्त्याहून निघणारं जुनं मासिक. १८६६ पासून १९५५ पर्यंतचे त्याचे अंक आज स्कॅन होऊन पबमेड सेंट्रलवर कोणालाही फुकट वाचता येतात. आपल्याच भागातल्या रोगराईचं एवढं मोठं दप्तर हाताशी असतं, आणि आपल्याच भागातली डॉक्टर मुलं ते उघडत नाहीत.

शोध लावला आणि पडदा भरला. १९२२ साली याच गॅझेटमध्ये अ‍ॅक्टन यांनी या आजाराच्या कारणांवर लिहिलेला लांबलचक लेख. त्याच्या मागे १८४४ साली छापलेलं कर्नल स्लीमन यांचं पुस्तक, ज्यात सागरच्या बाजूला गहू बुडाल्यानंतर लोकांनी ही डाळ खाऊन काढलेली वर्षं आणि पायांनी गेलेली तरुण माणसं यांचं वर्णन आहे. आणि सगळ्यात जवळचा म्हणजे १९०४ साली नागपुरात छापलेला, मेजर ब्यूकॅनन यांचा सरकारी अहवाल : १८९६ ते १९०२ या वर्षांतला मध्य प्रांतातला लॅथिरिझम. त्या वर्षांच्या पोटात दोन मोठे दुष्काळ आहेत. पुढे १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अदिगा आणि शर्मा यांनी या दाण्यातलं मज्जातंतूंना मारणारं द्रव्य वेगळं काढलं. शिवाय विक्रीवरची बंदी, ती उठावी म्हणून नागपूरच्या शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं दिलेला लढा, कमी विषाचे ‘रतन’, ‘प्रतीक’ असे वाण. कोणी काही केलेलं नाही असं जिला वाटलं होतं, तिच्यापुढे पावणेदोनशे वर्षांचं काम उभं राहिलं.

ब्यूकॅनन यांचा अहवाल त्या ग्रंथालयात नव्हता. मॅडमनी आंतरग्रंथालयीन मागणीचा अर्ज भरला. डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं १९८८ पासून हेच काम करतं : एका ग्रंथालयात नसेल ते दुसऱ्यातून आणून द्यायचं. अलीकडचे, पैसे भरून वाचावे लागणारे निबंध विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयातून आणि २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेतून निघाले. सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला आता हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडतात. मुलीला या योजनेचं नाव ठाऊक होतं, आपलं लॉगिन कसं मिळवायचं ते ठाऊक नव्हतं. त्याला पाच मिनिटं लागली.

“आता माझ्या प्रबंधात काय उरलं?” ती म्हणाली. ती खरंच रडवेली झाली होती.

“आधी वाचा तरी,” मॅडम म्हणाल्या.

तिनं वाचलं. पोस्टिंग सांभाळून, रात्री बसून वाचलं. काठीवरून केलेली जुनी वर्गवारी वाचली : पहिल्या पायरीवर काठीशिवाय, मग एक काठी, मग दोन काठ्या, आणि शेवटी हातांवर सरपटणारी माणसं. आबाजी एका काठीचे. डाळ उकळून पाणी फेकलं तर विष बरंच उतरतं, हे वाचलं. आणि रेवा, सतना या बाजूच्या शेतमजुरांबद्दल वाचलं. तिथे मालक मजुरीच या डाळीत देत. घरात दुसरं धान्य येतच नसे, म्हणून ते लोक दुसरं काही खात नसत. त्या ओळीपाशी ती थांबली. पुढच्या सुट्टीत गावी गेली तेव्हा वही बरोबर नेली.

आबाजी ओसरीत चऱ्हाट वळत होते. तिनं त्यांना आजाराचं नाव सांगितलं. हे वारं नाही, करणी नाही, लाखोरीनं झालं आहे, असं सांगितलं. किती वर्षांनी त्यांना आपल्या पायांचं कारण कळत होतं! त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग लाखोरीची बाजू घेतली.

“लाखोरी तं समदेच खात होते माय. मालकाच्या घरी बी खात. वडे करत, दार करत. त्याइचे पाय काहून नाई गेले?”

“ते दुसरंही खात होते आबाजी. भात, दूध, भाजी.”

“मंग आमी काहून नाई खाल्लं?”

तिच्याकडे पाहत तेच पुढे सांगू लागले. धान झालाच नाही असं एक साल होतं. मालकाच्या घरी बांध घालायचं काम होतं. मजुरी पायलीनं मिळायची, आणि त्या साली पायली लाखोरीची होती. सकाळी तिची आंबील, रात्री तिचाच घाटा. होळीपर्यंत तेच. एके दिवशी पिंडऱ्या दुखल्या, उठताना पाय जड झाले, आणि महिन्याभरात काठी आली. सोबतीला काम करणारा एक जण तर हातांवर आला. “तुह्या पुस्तकात लाखोरीचं लिवलं हाय,” ते म्हणाले. “पायलीचं लिवलं हाय का?”

रेव्याचं लिहिलेलं होतं. ब्रह्मपुरीचं तिला कुठेच दिसलं नव्हतं. आणि या वेळी ‘दिसलं नाही’ म्हणण्याआधी तिनं मॅडमना फोन केला. दोघींनी पुन्हा सगळी नावं, सगळी सालं लावून पाहिली, गॅझेटियर पाहिले, नागपूरच्या जुन्या ग्रंथालयांत विचारलं. डाळीत काय आहे याचा शोध पुष्कळांनी घेतला होता. कोणाच्या ताटात ती एकटीच का आली, हे या भागातल्या जिवंत माणसांना विचारून कोणी लिहून ठेवल्याचं आढळलं नाही.

आराखडा बदलला. तालुक्यातल्या निवडलेल्या गावांत आज लाखोरी किती खातात, कशी शिजवतात, उकळलेलं पाणी फेकतात की आमटीत घेतात. आणि ज्यांचे पाय पूर्वी गेले, त्या साली त्यांच्या घरात धान्य कुठून येत होतं. पूर्वीच्या कामाचा आढावा हा अशा प्रबंधात बहुतेकदा भरताडाचा भाग असतो. तिच्या प्रबंधात तोच पाया झाला, कारण प्रत्येक प्रश्न आधी कोणी आणि कुठवर विचारला होता, हे तिला ठाऊक होतं. समितीत एका ज्येष्ठांनी विचारलं की मजुरीचा प्रश्न वैद्यकशास्त्राचा कसा? तिनं अ‍ॅक्टनपासून रेव्यापर्यंतचे निबंध समोर ठेवले. मंजुरी मिळाली.

कामाच्या मधल्या दगदगीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रोवणीच्या दिवसांत घरी कोणी भेटत नाही, हे तिला माहीत होतं, म्हणून ती उन्हाळ्यात फिरली. ब्रह्मपुरीचं ऊन विदर्भात प्रसिद्ध आहे. सकाळी सहाला निघायचं, दहाला परत. काठीवरची माणसं तिला भेटली, सगळी म्हातारी. बहुतेकांच्या कागदांवर ‘लकवा’ किंवा ‘वात’ असंच होतं, काहींच्या जवळ तर कागदच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अस्थिव्यंगाला जागा आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्रासाठी कोणीतरी निदान लिहावं लागतं. तिनं निदान लिहून त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या तपासणी मंडळाकडे धाडलं. हे प्रबंधात मोजलं जाणार नव्हतं. आबाजींचंही प्रमाणपत्र झालं. त्यावरचं आजाराचं नाव त्यांनी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

प्रबंध विद्यापीठाकडे गेला, एक प्रत ग्रंथालयात आली. मॅडमनी तिची नोंद करताना विषयवार मथळ्यांत चंद्रपूर लिहिलं, चांदा लिहिलं, लाखोळी, लाखोरी, तिवडा, खेसारी असं सगळं लिहिलं, आणि ब्रह्मपुरीची इंग्रजी स्पेलिंगंही सोडली नाहीत. एवढ्या मथळ्यांना वेळ जातो आणि कोणी त्याबद्दल शाबासकी देत नाही. मला तर यात त्यांची विद्वत्ता दिसते.

मुलीनं आणखी एक प्रत केली, चार पानांची, मराठीत. ग्रामसभेत ती वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, लगेच प्रश्न विचारायला लागले. एका शेतकऱ्यानं विचारलं, पाऊस कमी पडते त्या साली दाण्यात हे विष जास्त उतरते का? दुसऱ्यानं विचारलं, बेसनात लाखोरीचं पीठ मिसळलं तर ओळखाचं कसं? मागे बसलेली एक बाई म्हणाली, दाण्याचं सांगितलंस बाई, पण आमी थंडीत कोवळा पाला भाजी म्हणून खातो, पोरंही खातात, त्याचं काय?

तिला एकाचंही खात्रीचं उत्तर देता आलं नाही. तिनं तिन्ही प्रश्न जसेच्या तसे लिहून घेतले आणि रात्री मॅडमना पाठवले. पहिल्यावर निबंध सापडले : पाण्याचा ताण पडला की ते द्रव्य वाढतं, असं वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलेलं आहे. म्हणजे ज्या साली माणूस लाखोरीवर येतो, त्याच साली ती जास्त घातक असते. दुसऱ्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची सोपी चाचणी निघाली. भेसळ असेल तर गुलाबी रंग येतो. दोन्ही उत्तरं एका पानावर लिहून तिनं सरपंचांकडे दिली.

पाल्याबद्दल मिळालेल्या निबंधांनी तिची काळजी वाढली, पण ते दुसऱ्या देशांतल्या वाणांवरचे होते. ब्रह्मपुरीच्या बांधीतल्या, या बायका खुडतात त्या पाल्याबद्दल मॅडमना काही मिळालं नाही. त्यांनी दोन जुने अहवाल बाहेरून मागवायचे ठरवले आणि अर्ज काढला. ‘मागणी कोणाची’ या रकान्यात विद्यार्थ्याचं किंवा प्राध्यापकाचं नाव लिहायची पद्धत आहे. मॅडमनी तिथे गावाचं नाव लिहिलं, आणि कंसात तालुका ब्रह्मपुरी.